बाजारात गेलेली आई

त्या घरात मोठं माणूस कुणी राहत नाही, हे मला दारातल्या बुटांवरून कळलं. बायकी बूट, काळे, जरा उंच टाचेचे, पायपुसण्यावर नीट जोडून ठेवलेले. बाहेर हा एवढा बर्फ, मुलींचे बूट चिखलाने बरबटलेले, आणि हे मात्र दर वेळी कोरडे ठणठणीत. आईचे आहेत म्हणे. आई झोपलीय. आई आंघोळीला गेलीय. आई बाजारात गेलीय. अनवाणी गेली का गं बर्फातून, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

हे पार्सिपनीतलं, ऐंशीच्या दशकातलं. आम्ही न्यू जर्सीत नवे होतो. आमचे हे इंजिनिअर, सकाळी ऑफिसला गेले की दिवेलागणीला परत. मी नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून आलेली, आणि इथे दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसलेली. स्वभाव मुळात तापट, रिकामं बसलं की आणखी तापतो. ‘तुझ्या रागाला काहीतरी काम दे बाई,’ असं हेच म्हणाले, म्हणून मी पब्लिक लायब्ररीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. हायस्कूलच्या मुलांना इंग्रजी व्याकरण, शब्द आणि वाचन शिकवीन. मला वाटलं, आपल्याच मंडळींची पोरं येतील. कसली येतात! त्यांना माझ्यापेक्षा फाडफाड येत होतं. ‘आँटी, नोबडी टॉक्स लाइक दॅट,’ असं उलट मलाच सुनवायची कार्टी. फोन आला तो एका चिनी मुलीचा.

दोघी बहिणी होत्या. तैपेईहून आलेल्या. मोठी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, धाकटी पहिल्या. घर आमच्या अपार्टमेंटच्या मागच्याच रस्त्यावर, दोन मजली, पांढरं, आणि आत गेलं की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईल इतकं रिकामं. दिवाणखान्यात एक सोफा, एक गोल टेबल, खुर्च्या, बस्स. भिंतीवर खिळासुद्धा नाही. पडदे भर दुपारीही ओढलेले. पहिल्या दिवशी मी म्हटलं, ‘अगं, उजेड येऊ दे की जरा.’ मोठीने मान हलवली, हसली, आणि दिवा लावला.

अभ्यासाला मात्र दोघी वाघीण. व्याकरणाचे नियम तर मोठीला माझ्याहून पाठ. धडेच्या धडे घोकलेले, स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायची. मी स्वतः घोकंपट्टीवर वाढलेली, मला तर भरूनच आलं. आपली माणसं भेटली म्हटलं. पण वाचायला बसवलं की दोघींची गाडी अडलीच. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक चिनी अक्षर काढायचं आणि मग पुढच्या शब्दाकडे जायचं. पान संपेपर्यंत वरचं सगळं विसरलेलं. मी पेन्सिली काढून घेतल्या. ‘शब्द अडला म्हणून थांबायचं नाही,’ मी सांगायची. ‘पुढे जा. आजूबाजूला काय चाललंय ते बघ. लिहिलेलं नसतं तेही कळतं.’

आणि दुसरा माझा हट्ट, उत्तर पूर्ण वाक्यात. नुसतं ‘यस’, ‘नो’ केलं की मी टेबलावर पट्टी आपटायची. नागपूरला माझ्या वर्गात सत्तर मुली थरथर कापायच्या, इथे दोन होत्या.

मग एके दिवशी मोठी म्हणाली, ‘टीचर, फोनवर कुणी विचारलं, तुझी आई कुठे आहे, तर पूर्ण वाक्यात काय सांगायचं?’ मला प्रश्न आवडला. आम्ही वाक्यं तयार केली. माय मदर इज रेस्टिंग, प्लीज कॉल लेटर. माय मदर हॅज गॉन टु द मार्केट, शी विल बी बॅक सून. मग मी शेजारीण झाले, शाळेची बाई झाले, गॅसवाला झाले, आणि खडसावून विचारत गेले. दोघी उत्तरं देत गेल्या. आठवड्याभरात अशी तयार झाली वाक्यं की धाकटी कुठे थांबायचं, कुठे हसायचं हेही न चुकता करायची. तेच हसू, दर वेळी तेवढंच. माझ्या अंगावर काटा आला तो तिथे, त्या हसण्याने. आणि त्याच संध्याकाळी निघताना मी दारातल्या बुटांकडे नीट पाहिलं.

पुढच्या खेपेला मी सरळच विचारलं. माझ्याने धीर धरवत नाही. ‘आई कुठे आहे? पूर्ण वाक्यात सांग, आणि खरं सांग.’

मोठीने धाकटीला वर पाठवलं. मग सांगितलं. आईवडील तैपेईतच. त्यांचा कारखाना तिकडे. घर घेऊन दिलं, मुलींना शाळेत घातलं, कागदावर कुणा लांबच्या मामाचं नाव लावलं आणि आई परत गेली. मामा कॅलिफोर्नियात, त्याला या मुलींचं तोंडही ठाऊक नाही. शाळेला कळलं तर सरकारची माणसं येणार आणि दोघींना परक्या घरांत ठेवणार. एका घरात दोघींना जागा मिळेलच असं नाही. मोठीच्या वर्गातल्या एका मुलीचं असं झालेलं तिने पाहिलं होतं. मे महिन्यात मोठीला अठरा वर्षं पूर्ण होत होती. मग तीच मोठं माणूस, तीच धाकटीच्या कागदांवर सही करू शकणार. मे महिन्यापर्यंत फक्त कुणाला कळता कामा नये.

मी इतकी भडकले म्हणता! त्या मुलींवर नाही, त्या न पाहिलेल्या बाईवर. पोरींच्या भल्यासाठी म्हणे! असल्या भल्याला काय जाळायचंय? वयात आलेल्या दोन मुली परमुलखात कुलूप लावल्यासारख्या ठेवून द्यायच्या आणि आपण तिकडे चैनीत झोपायचं? मी मराठीतच बडबडत होते, मोठी ऐकत होती. बडबड संपल्यावर तिने विचारलं, ‘टीचर, यू विल टेल?’ आणि लगेच स्वतःच सुधारलं, ‘विल यू टेल समबडी अबाउट अस?’

माझं पाणी पाणी झालं. मी गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हटलं, ‘गळ्याशपथ. नाही सांगणार.’ तिला कळलं नाही. मग समजावलं की आमच्याकडे शपथ घेताना असं करतात, मोडली तर जिवावर बेततं. तिने अगदी गंभीरपणे माझ्यासारखीच चिमूट धरून पाहिली. नंतर धाकटीलाही शिकवली म्हणे.

ह्यांना सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे. ते जेवत होते. घास हातातच राहिला. ‘अगं, नसती ब्याद घेतलीस गळ्यात,’ म्हणाले. ‘उद्या काही झालं तर?’

‘काय होतंय?’ मी फिस्कारले.

‘मी काय सांगू? काही झालं तर, एवढंच विचारतोय.’

ते विचारून जेवायला लागले. माझी मात्र झोप उडाली. त्यानंतर मी शिकवणी नसतानाही त्या रस्त्याने जायची, पोळ्या, भाजी, काहीबाही डब्यात घेऊन. समोरच्या घरात एक म्हातारी अमेरिकन बाई राहायची. मी आले की तिचा पडदा हलायचा. एकदा पोलिसांची गाडी त्या रस्त्यावरून अगदी हळू गेली, काही कारण नसेलही, पण मी डबा पोटाशी धरून झाडामागे उभी राहिले. असला मूर्खपणा मी आयुष्यात कधी केला नव्हता. शिकवणी चालू असताना फोन वाजला की तिघीही गप्प व्हायचो. मोठी उचलायची. ‘माय मदर इज रेस्टिंग...’ शाळेतल्या समुपदेशक बाई असायच्या बहुतेक. त्यांना आईला भेटायचं होतं. एकदा मोठी फोन ठेवून म्हणाली, ‘त्या म्हणाल्या, तुझं इंग्रजी खूप सुधारलंय.’ आम्ही कुणीच हसलो नाही.

थंडी वाढली तसं मोठीने खिडक्यांना प्लॅस्टिक लावलं. तिथे हिवाळ्यात लावतात तसं, चारी बाजूंनी चिकटपट्टी, मग हेअर ड्रायरने गरम करून ताणायचं, फटीतून वारा यायला नको. पाकिटावरच्या सूचना तिने एकटीने वाचल्या होत्या, पेन्सिलीशिवाय. मला एकेक खिडकी दाखवत फिरली. काम तर चोख होतं. बोट लावलं की ढोलकीसारखं वाजायचं. मी पाठ थोपटली. पण पडदे आधीच ओढलेले, त्यात हे, रस्त्यावरचा आवाजही आत येईनासा झाला. आत बसलं की बाहेर काही आहे असं वाटायचंच नाही. मला त्या घरात दम कोंडल्यासारखं व्हायला लागलं. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, तुला उगाच भास होतात.

फेब्रुवारीत एकदा गेले तर दोघी कोट घालून अभ्यासाला बसलेल्या. नाकं लाल. ‘हीटिंगचं काय झालं?’ ‘कमी ठेवलंय, टीचर. गरम असलं की झोप येते.’ परीक्षा जवळ आलेली, मला पटलं. घर तापवणारी भट्टीच बंद पडली होती, हे मला नंतर कळलं. ती दुरुस्त करणारा माणूस घरात मोठं कुणी असल्याशिवाय यायला तयार नव्हता, आणि मोठीला मला आणखी त्रास द्यायचा नव्हता. मला! मी चार पावलांवर राहत होते.

त्याच आठवड्यात त्यांचं नवं वर्ष होतं. आदल्या संध्याकाळी घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, हा त्यांचा मोठा सण. दोघींनी आम्हाला बोलावलं. मोठीने मला ते भांडंही दाखवलं होतं, तैपेईहून कपड्यांत गुंडाळून आणलेलं. तांब्याचं, मधोमध नळकांडं, थेट आपल्या बंबासारखं. नळकांड्यात पेटते कोळसे घालायचे, भोवतीच्या खळग्यात पाणी उकळतं, त्यात भाज्या आणि काय काय बुडवून सगळ्यांनी टेबलाभोवती बसून खायचं. ‘आमच्याकडे बाल्कनीचं दार उघडं असतं,’ ती सहज म्हणाली होती. ‘तैपेईत थंडी नसते ना.’ मी हो म्हटलं. मी शाकाहारी, पाण्यात काय काय पडणार याची मला काळजी.

त्या दिवशी दुपारपासून बर्फ सुरू झाला. ह्यांचा ऑफिसातून फोन, ‘रस्ते वाईट आहेत, मला उशीर होईल, कॅन्सल कर ना.’ मी सिल्कची साडी नेसून तयार बसलेली. कॅन्सल कसली करते! फक्त थोडा उशीर होईल असं सांगायला मी मुलींना फोन लावला. बराच वेळ वाजला. मग मोठीचा आवाज आला, जड, सावकाश.

‘माय मदर इज रेस्टिंग. प्लीज कॉल लेटर.’

‘अगं, मी आहे. टीचर.’

‘माय मदर हॅज गॉन टु द मार्केट.’

‘काय चावटपणा आहे? मी बोलतेय!’

‘शी विल बी बॅक सून,’ ती म्हणाली. मग रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. फोन बंद झाला नाही. मी हाका मारत राहिले, पलीकडे पाणी उकळल्याचा बारीक आवाज येत राहिला.

तेव्हा मला आठवलं. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणात खाटेखाली शेगडी असायची. आई रात्रभर दाराशी बसायची, खिडकी किलकिली ठेवून. आम्ही पोरं थंडी वाजते म्हणून लावायला जायचो तर ओरडायची, ‘खिडकीला हात लावाल तर याद राखा! कोळसा माणसाला झोपवतो.’ आम्हाला वाटायचं, आई उगाच घाबरवते.

मी धावले. सिल्कची साडी, वर ह्यांचा ओव्हरकोट, पायात बर्फाचे बूट. दोनदा पडले. दार आतून बंद. घंटा वाजवली, लाथा मारल्या, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. काही नाही. पडद्याच्या कडेने पिवळा उजेड, आणि आत काही हलत नव्हतं. पोर्चमध्ये बर्फ काढायचं फावडं होतं, ते खिडकीवर घातलं. काच फुटली, पण आतलं प्लॅस्टिक तसंच ताठ उभं. मोठीचं चोख काम. ते मी हातांनी फाडलं, आणि आतून तो वास आला, कोळशाचा, कोरडा, गोडसर, आमच्या बाळंतिणीच्या खोलीतला.

धाकटी सोफ्यावर झोपली होती, गाल लालबुंद. मोठी फोनपाशी जमिनीवर, डोळे अर्धवट उघडे. मी कुणाला आधी ओढलं, कसं ओढलं, विचारू नका. दोघींना पोर्चमध्ये आणून बर्फात टाकलं आणि असा गळा काढला की समोरचा पडदा नुसता हलला नाही, ती म्हातारी कोट न घालता बाहेर आली. तिनेच अॅम्ब्युलन्स बोलावली, तिनेच घोंगड्या आणल्या. इतके दिवस मी जिला घाबरत होते ती ही.

मोठी आधी शुद्धीवर आली. ओकली. मग दाराशी पडलेल्या कोळशाच्या रिकाम्या पिशवीकडे बघत पुटपुटली, ‘टीचर, मी वाचलं होतं. लिहिलंय, बार्बेक्यू घरात करू नका. आम्ही बार्बेक्यू करत नव्हतो.’ मी पिशवी उचलली. सूचनेतल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षर काढलेलं होतं. वाचलं होतं पोरीने. अगदी एकेक शब्द.

अॅम्ब्युलन्सवाल्यांनी धाकटीच्या तोंडावर मास्क लावला, आणि तिने डोळे उघडले. त्यांच्यामागोमाग पोलीस आला. तरुण होता, चांगला होता बिचारा. घरात जाऊन आला. मग मोठीसमोर उकिडवा बसून हळूच विचारलं, ‘तुमची आई कुठे आहे?’

मोठी सरळ बसली. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते, पण वाक्य एका जागी अडलं नाही. ‘माय मदर हॅज गॉन टु द मार्केट. शी विल बी बॅक सून.’ आणि ते हसू. तेवढंच.

त्याला पटलं. का नाही पटणार? त्याने आत टेबल पाहिलं होतं. टेबलावर वाडगे मांडलेले होते, दोघींचे, आम्हा दोघांचे आणि एक आणखी. सणाच्या जेवणाला घरचं माणूस लांब असलं तरी त्याचा वाडगा मांडतात. दारात आईचे बूट होते. त्याने वही मिटली. ‘बर्फात अडकली असेल,’ म्हणाला. ‘आम्ही चिठ्ठी ठेवतो दारावर.’

मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. एक रात्र हॉस्पिटल, मग घरी. मे महिना काही फार लांब नव्हता. मी त्या घराकडे पाहिलं. फुटलेल्या खिडकीतून फाटकं प्लॅस्टिक फडफडत होतं, आत ते तांब्याचं भांडं अजून उकळत होतं. यांना पुन्हा इथे पाठवायचं? पुढच्या वेळी मी फोन केलाच नाही तर?

‘नो,’ मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. ‘देअर इज नो मदर इन धिस हाउस. दोघी एकट्या राहतात.’

पुढचं मोठीला भीती होती तसंच झालं. दोघी वेगळ्या गावांत, वेगळ्या घरांत. आई आली ती तीन आठवड्यांनी. घर विकलं. मला कुणी काही कळवलं नाही आणि मी विचारायला कुणाकडे जाणार? मला पस्तावा नाही. दोघी जिवंत आहेत, बस्स. आज कुठेतरी त्यांची स्वतःची मुलं असतील. पुन्हा तसं झालं तर पुन्हा तसंच बोलेन, वर त्या आईच्या कानाखाली वाजवीन.

पण मी ते बोलले तेव्हा मोठी रडली नाही, ओरडली नाही. तिला अॅम्ब्युलन्समध्ये चढवलं, घोंगडी खांद्यावर टाकली. दार लावायच्या आधी तिने माझ्याकडे पाहिलं, हात घोंगडीतून बाहेर काढला आणि गळ्याची कातडी चिमटीत धरली. दार लागेपर्यंत तिने ती सोडली नाही.